दशांशराव

दशांशराव माझ्याकडे पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा भाकरी मोडण्याआधी त्यांनी खांद्यावरच्या पिशवीतून एक जाडजूड वही काढली. तिच्या पानापानावर रंगाचे चौकोनी तुकडे चिकटवलेले आणि तुकड्यांच्या शेजारी गोल गोल भोकं. ती वही त्यांनी ताटावर धरली, एका भोकातून पिठल्याकडे पाहिलं, पान उलटलं, पुन्हा पाहिलं आणि समाधानानं म्हणाले, "२.५ वाय, ७/६."

आमच्या हिला वाटलं, मीठ जास्त झालं. ती दारातून मला खुणावू लागली. मी म्हणालो, "अगं, पिवळं आहे म्हणतायत."

"ते मलाही दिसतंय," असं म्हणून ती आत गेली. चार वर्षं झाली, दशांशरावांचं नाव निघालं की ती अजून पिठल्याचाच विषय काढते.

ती मन्सेलची रंगवही. अमेरिकेत मन्सेल नावाचे चित्रकलेचे एक मास्तर होते, त्यांनी प्रत्येक रंगाला क्रमांक लावायची रीत काढली. पुढे ती मातीवाल्यांनी उचलली. ओल्या मातीचं ढेकूळ भोकामागं धरायचं आणि शेजारच्या तुकड्याशी जुळवायचं, एवढंच त्या वहीचं काम. पण दशांशरावांच्या हातात ती आली की जगात जे जे म्हणून रंगीत आहे ते सगळं भोकामागं जायचं. चहा, विटा, बैल, सरपंचांचं जाकीट. एकदा एका लग्नात नवरीच्या हळदीच्या अंगालाही ते वही लावायला निघाले होते. मी वेळेवर त्यांचा हात धरला.

दशांशराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते आमच्या जीपच्या ड्रायव्हरनं ठेवलं. पहिल्याच दिवशी त्यानं सहज विचारलं, "सायेब, दहिवडी किती ऱ्हायली?" साहेबांनी हातातलं यंत्र पाहून सांगितलं, "चौदा पूर्णांक तीन." ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. त्यावर "म्हणजे दोन चढण आणि एक चहा" असं भाषांतर मी केलं. संध्याकाळपर्यंत तालुक्यातल्या निम्म्या टपऱ्यांवर हे नाव पोचलं होतं.

आता मी त्या जीपमध्ये काय करत होतो, ते सांगायला हवं. एकतीस वर्षं कृषी सहायक म्हणून नोकरी केली, ताली घातल्या, नाला बांध मोजले, शेततळ्यांच्या कडेला उभा राहून फोटो काढून घेतले आणि निवृत्त झालो. त्यानंतर एका संस्थेनं मला 'स्थानिक समन्वयक' नेमलं. म्हणजे कुठल्या वस्तीवर कुत्रं चावरं आहे, कोणत्या दोन भावांना एकाच जीपमध्ये बसवायचं नाही आणि कोणाच्या घरी चहा नाकारला तर तीन पिढ्या राग राहतो, हे ज्याला ठाऊक आहे असा माणूस. दशांशराव पुण्याहून आले होते. वय चाळिशीचं, डोक्यावर मानेपर्यंत झालर असलेली टोपी, अंगात अठरा खिशांचं जाकीट. एका खिशात भिंग, एकात मोजपट्टी, एकात जीपीएस, आणि उजव्या खिशात पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाची छोटी बाटली. मातीत चुनखडी आहे का हे बघायला ते आम्लाचे दोन थेंब टाकायचे; फसफसलं की खूश. ती बाटली गळायची. त्यांच्या सगळ्या पॅन्टींना उजव्या मांडीवर एकाच जागी ठिगळ होतं. पुढे वहिनींची ओळख झाली तेव्हा त्यांनी हसत हसत सांगितलं, "मी आता नवी पॅन्ट आणली की आधी ठिगळ लावते, मग घालायला देते."

काम असं होतं की माण तालुक्यातल्या काही गावांचा जमिनीच्या अवनतीच्या संवेदनशीलतेचा नकाशा करायचा. हे वाक्य पहिल्या दिवशी मी पाच वेळा ऐकलं आणि सहाव्या वेळी विचारलं, "म्हणजे जमीन किती खराब झालीय ते दाखवायचं?"

"नाही काका," दशांशराव कळवळून म्हणाले. हा प्रश्न त्यांना जन्मभर विचारला गेला असणार. "खराब किती झाली ते नाही. खराब व्हायची प्रकृती कुठं किती आहे, ते. ताप मोजायचा नाही. कुणाला ताप येईल ते सांगायचं."

"असं वैद्य सांगतात."

"वैद्य दशांशात सांगत नाहीत," दशांशराव म्हणाले.

ती पद्धत भूमध्य समुद्राकडची. युरोपीय आयोगाच्या पैशातून १९९० च्या दशकात तिकडं मेडालस नावाचा प्रकल्प चालला. ग्रीसचं लेस्व्होस बेट, इटलीतलं आग्री नदीचं खोरं, पोर्तुगालचा आलेंतेजो, अशा कोरड्या मुलखांत शास्त्रज्ञ हिंडले आणि १९९९ साली एक मार्गदर्शिका निघाली. तिचा गाभा चार निर्देशांकांचा आहे. जमीन, हवामान, वनस्पती आणि व्यवस्थापन. जमिनीला सहा प्रश्न विचारायचे: मूळ खडक कुठला, पोत कसा, दगडगोटे किती, खोली किती, उतार किती, निचरा कसा. हवामानाला तीन, वनस्पतींना चार, माणसाला दोन. प्रत्येक उत्तराला गुण द्यायचे, सगळ्यात चांगल्याला १ आणि सगळ्यात वाईटाला २. मग त्या गुणांचा गुणाकार करून मूळ काढायचं. चार निर्देशांकांचं पुन्हा चौथं मूळ काढायचं, की एक आकडा हाती येतो. तो १.१७ च्या खाली असेल तर जमीन निर्धास्त. १.२२ पर्यंत 'संभाव्य'. १.२३ ते १.३७ 'नाजूक'. १.३८ पासून पुढे 'गंभीर'.

अख्खं जग एक आणि दोनच्या मध्ये बसवलं आहे, ही कल्पना दशांशरावांच्या रक्तात उतरली होती. शून्य नाही, दहा नाही, शंभर नाही. देव जरी समोर आला असता तरी त्याला एकच्या खाली गुण मिळाले नसते. दहिवडीच्या एसटी स्टँडावरचा चहा १.२१. म्हसवडचा १.३४. माझे जावई (एकदाच भेटले होते) १.४०, "पण व्यवस्थापन सुधारलं तर खाली येतील." एकदा जेवणानंतर ते पानावर चुना लावत म्हणाले, "काका, समजा घरात चार माणसं आहेत. तिघं अगदी गुणी, प्रत्येकी एक. आणि एक माणूस असा की त्याच्यापुढे काही चालत नाही, दोन. तर घराचा निर्देशांक किती?"

मी म्हणालो, "त्या घरात कोण राहतं त्यावर आहे."

"एक पूर्णांक एकोणीस! दोनचं चौथं मूळ. म्हणजे घर फक्त 'संभाव्य' वर्गात. नाजूकही नाही!" ते अत्यानंदानं मांडीवर थाप मारून हसले. ठिगळाच्या बाजूच्या मांडीवर.

मला हसू आलं नाही. एकच माणूस वाईट असलेल्या घरातून मी आलो आहे. पण ते मी बोललो नाही, आणि त्यांना ते कळलंही नाही. तोवर त्यांनी गणकयंत्रावर पाच माणसांच्या घराचं पाचवं मूळ काढायला घेतलं होतं.

खरं तर माणूस गोड. पहाटे साडेपाचला उठून आवरून बसायचा. शिवारात शिरताना चप्पल काढायचा, कारण "चपलेला लागलेली दुसऱ्या शेतातली माती नमुन्यात मिसळते". लोकांना वाटायचं, भक्तिभाव. एका वस्तीवर तर म्हातारीनं त्यांना हळदकुंकू लावलं. सूर्यप्रकाशाचं त्यांना मोठं प्रेम होतं, पण दक्षिणेकडच्या उतारावर नाही. मार्गदर्शिकेत आग्नेयेच्या आणि नैर्ऋत्येच्या उताराला २ गुण आहेत. ऊन जास्त, ओल कमी. त्यामुळे दशांशराव दक्षिण उतारावर बसून डबाही खायचे नाहीत. टेकाडाला वळसा घालून पलीकडे जायचे. आम्ही मागून डबे घेऊन.

आणि शंकाही त्यांना यायच्या, हे मान्य केलं पाहिजे. एकदा दुपारी शिखर शिंगणापूरच्या डोंगराखाली बसलो असताना ते स्वतःशीच पुटपुटत होते. भूमध्य समुद्राकडचा पाऊस हिवाळ्यात पडतो. तिकडच्या मार्गदर्शिकेत ६५० मिलिमीटरच्या वर पाऊस असला की सगळ्यात चांगला गुण. आता आमच्या सातारा जिल्ह्याचं सांगायचं तर महाबळेश्वरात पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि त्याच जिल्ह्यात, सह्याद्रीच्या पावसाच्या सावलीत, माणमध्ये पाचशेच्या आसपास. ते ठीक. पण तो पडतो कसा? वळीव एका संध्याकाळी अर्ध्या तासात येतो आणि उघड्या रानातली माती ओढ्याला नेतो. तेव्हा रानात पीक नसतं, नांगरून ठेवलेली ढेकळं असतात. "वर्षाची बेरीज घेतली की ही संध्याकाळ हरवते," दशांशराव म्हणाले. मग बराच वेळ त्यांनी काही मोजलं नाही. मला काळजी वाटली.

वनस्पतींचा तक्ता तर त्याहून अवघड. त्यात ऑलिव्ह, बदाम, सदाहरित झुडपं, द्राक्षमळे. आमच्याकडे तरवड, हिवर, बोर, कुसळी गवत आणि वेडी बाभूळ. वेडी बाभूळ कोणत्या रकान्यात घालायची यावर दशांशरावांनी आणि मी अडीच दिवस घालवले. उपग्रहाला ती छान हिरवी दिसते. मेंढपाळाला ती काट्याची दिसते. शेवटी डाळिंब ऑलिव्हच्या रकान्यात गेलं आणि वेडी बाभूळ रकान्याबाहेरच राहिली, शेरा लिहून. आयुष्यभर ती तशीच राहत आली आहे.

तात्या भेटले ते याच सुमारास. तात्या म्हणजे ऐंशीच्या पुढचे, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेले, बाराही महिने एक पाय रानात असणारे. दशांशरावांनी त्यांच्या वावरात गिरमिटानं भोक पाडलं, माती काढली, थुंकी लावून बोटांत तिची वळी केली, वळी किती लांब टिकते ते पट्टीनं मोजलं. तात्यांनी दुसरी चिमूट उचलली, तोंडात टाकली, चघळली आणि थुंकली.

"खारट न्हाई. ह्याच्या खाली मुरूम हाय, दीड हातावर. वरच्या अंगाला एकच हात. खाली वड्याकडं चोपण."

दशांशरावांनी गिरमिट आणखी दाबलं. मुरूम लागला. पट्टी लावली. त्र्याहत्तर सेंटिमीटर.

"दीड हात म्हणजे तुमचा हात किती, तात्या?"

तात्यांनी कोपर दुमडून हात पुढं केला. दशांशरावांनी तोही मोजला. चव्वेचाळीस पूर्णांक सहा. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. गणिताच्या हिशोबानं तात्या सहा पूर्णांक एक सेंटिमीटरांनी कमी बोलले होते. दशांशराव आमच्याकडे आल्यापासून असा आनंदी चेहरा मी पाहिला नव्हता.

त्या रात्री मी त्यांना प्रतबंदीची गोष्ट सांगितली. नोकरीच्या सुरुवातीला एका जुन्या कारकुनाकडून मी ती ऐकली होती आणि नंतर वाचली. इंग्रजांनी पेशवाई घेतल्यावर शेतसारा किती घ्यायचा हा प्रश्न आला. प्रिंगल नावाच्या साहेबानं १८३० च्या सुमारास इंदापूरकडे एक बंदोबस्त केला. शेताचं निव्वळ उत्पन्न काढायचं, खर्च वजा करायचा, त्यावर सारा ठरवायचा. विलायतेत अर्थशास्त्राची पुस्तकं वाचून आलेला माणूस. आकडे इतके बारीक झाले की सारा भरणारे गावं सोडून जाऊ लागले आणि बंदोबस्त कोसळला. मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ मध्ये इंदापूरलाच नव्यानं सुरुवात केली. त्यांनी उत्पन्न काढायचा नाद सोडला. फक्त माती पाहिली. रंग, पोत आणि खोली. खोली हातांत मोजायची, पावणेदोन हातांपासून खाली. सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत नऊ प्रती. मग ऐब. चुनखडीचा ऐब, रेताडीचा ऐब, उताराचा ऐब, धुपणीचा ऐब, उपळट जमिनीचा ऐब. एक ऐब निघाला की जमीन एक प्रत खाली. शेताच्या नकाशात चौकोन आखून त्यात या ऐबांच्या खुणा टाकत. १८४७ साली त्याचे नियम छापून झाले.

दशांशराव ऐकता ऐकता उठून बसले. बोटं मोडू लागले. पोत, आहे. खोली, आहे. उतार, आहे. निचरा, म्हणजे उपळट, आहे. दगड आणि चुनखडी, जवळजवळ आहे.

"काका, सहांपैकी पाच! दीडशे वर्षं आधी!"

"आणि मूळ न काढता," मी म्हणालो.

अर्धा तास ते काही बोलले नाहीत. मग अंधारातून आवाज आला, "पण ऐब बेरजेनं घेतले. गुणोत्तरी मध्य नाही घेतला." त्यात थोडं सांत्वन होतं त्यांना.

माझ्या मते खरा मुद्दा तिथंच होता. बेरजेच्या जुन्या रीतीत एक मोठा ऐब लपत नाही. गुणाकारात तो वितळतो. कृष्णाकाठच्या एका गावात माझे साडू राहतात. तिथं वर्षानुवर्षं उसाला पाट सोडला, निचऱ्याचा विचार कुणी केला नाही, खालचं पाणी वर आलं, आणि पाण्याबरोबर क्षार. रान पांढरं पडलं, तिथं आता गुडघाभर चिखलात लव्हाळा उगवतो. बाकी सगळं काय वाखाणण्याजोगं! जमीन खोल, सपाट, दगडाचा खडाही नाही, पाणी हुकमी. मी दशांशरावांना म्हटलं, लावा तुमचं गणित. त्यांनी लावलं. निचऱ्याला २, बाकी पाचांना १. जमिनीचा निर्देशांक १.१२. बाकी तीन घटकही उत्तम धरले तर अंतिम आकडा १.०३. म्हणजे निर्धास्त! आणि ऊस उभा असेपर्यंत उपग्रहालाही ते रान हिरवंगार दिसतं. त्या सहा प्रश्नांत मिठाचा प्रश्नच नाही. ते तात्यांनी तोंडात टाकून पाहिलं होतं.

दशांशरावांनी वहीत लिहिलं: 'क्षारता, सातवा प्रश्न, स्वतंत्र विचार आवश्यक.' आणि खाली दोन रेघा मारल्या. माणूस हट्टी होता, बेइमान नव्हता.

मग आली ती ग्रामसभा. मारुतीच्या देवळापुढं पडदा लावला, प्रोजेक्टरला जनरेटर जोडला. नकाशात गावाची वीत न् वीत ठिपक्यांची झाली होती. हिरवं, पिवळं, नारिंगी, लाल. दशांशरावांनी समजावलं की जुन्या उपग्रहाचा एक ठिपका तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, म्हणजे जवळजवळ नऊ गुंठे, आणि नव्या उपग्रहाचा दहा मीटरांचा, म्हणजे एका गुंठ्याहून किंचित कमी. इथं काही माहिती जुन्या ठिपक्यांची आहे. मागच्या ओळीतली एक बाई उठली.

"माजं सात गुंठं हायती. ठिपका नऊचा. मंग वरचं दोन गुंठं कुणाचं?"

"शेजाऱ्याचं येत असेल."

"शेजारी म्हंजी दीर," ती म्हणाली. "बारा वर्सं कोर्टात फिरलो त्या दोन गुंठ्यांसाठी. वरून बघणाऱ्यानं दिलं म्हनायचं." आणि पदर सावरून बसली. दीर पुढच्या ओळीत होता. त्याची मान वळली नाही, पण कान लाल झाले.

नंतर वातावरण तापलं. गावाचा बराच भाग नारिंगी दिसत होता आणि ते लोकांच्या मनाला लागलं. एका तरुणानं आवाज चढवला की आमच्या रानाला नाजूक म्हणणारे तुम्ही कोण, आमच्या बापजाद्यांनी याच रानात बाजरी-मटकी काढलीय. चार जणांनी टाळ्या वाजवल्या. सरपंच मात्र शांत होते. त्यांनी एकच विचारलं.

"सायेब, ह्या नकाशावर पुढं काय हाय का?"

दशांशराव निरागसपणे म्हणाले, "गंभीर वर्गातली गावं आधी घ्यावीत अशी शिफारस जाईल. मृदसंधारणाची कामं. बांध, चर, झाडं."

देवळापुढं एकदम शांतता झाली. आमच्या मुलखात प्रत्येक पोराला पैसेवारी म्हणजे काय ते कळतं. पीक रुपयाला पन्नास पैशांच्या आत असलं तर टंचाई, वर असलं तर काही नाही. पूर्वी ती आणेवारी होती. पिढ्यान् पिढ्या आम्ही शेतात उभे राहून आलेल्या माणसाला पीक वाईट आहे हे दाखवत आलो. आकड्याखाली जगायचं कसं, हे आम्हाला शिकवायला पुण्याहून कुणी यायची गरज नव्हती.

"आमी आता कितीवर हाव?" सरपंचांनी विचारलं.

"जमीन १.४०, हवामान १.५०, वनस्पती १.३०, व्यवस्थापन १.३०. अंतिम १.३७. नाजूक, तिसरा उपवर्ग."

"आन् गंभीर?"

"१.३८ पासून."

त्यानंतर जे झालं ते एकतीस वर्षांच्या नोकरीत मी पाहिलं नव्हतं. हवामान बदलणं सरपंचांच्या हातात नव्हतं. जमीन देवाची. वनस्पती उपग्रहाच्या ताब्यात. उरलं व्यवस्थापन. त्यात काय काय धरता, असं त्यांनी विचारलं. दशांशराव म्हणाले, जमिनीचा वापर किती तीव्र आहे आणि संरक्षणाच्या नियमांची अंमलबजावणी किती होते. अंमलबजावणी चांगली असली तर गुण १ कडे, नसली तर २ कडे. तुमच्या ठरावात चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी आहे, म्हणून मी चांगले गुण दिलेत.

"चराईबंदी?" तोच मघाचा तरुण उठला. "कागदावर हाय! माजी चाळीस मेंढरं रोज गायरानात असत्यात!"

"कुऱ्हाडबंदीचं तर नावच काढू नगा," दुसरा म्हणाला. "गेल्या पंचमीला मी सोता दोन लिंब तोडलं."

"मी डोंगराच्या पोटाला नांगूर घातलाय! उतारावर!"

"आमी बी! उभ्या उतारानं!"

अख्खं गाव आपली पापं सांगायला उठलं. ग्रामसेवक आधी मान खाली घालून लिहीत होते, मग लिहायचं थांबले. अशात एक मध्यमवयीन गृहस्थ भावनेच्या भरात उभे राहिले आणि गरजले, "मी तर बांध कोरलाय! दोन येळा!"

सभा पुन्हा शांत झाली. बांध कोरणं म्हणजे शेजाऱ्याच्या रानातला वीतभर तुकडा दरवर्षी आपल्यात ओढणं. त्या एका बांधावर त्यांचा आणि त्यांच्या चुलत भावाचा दावा मी नोकरीला लागलो तेव्हापासून चालू होता. चुलत भाऊ तिसऱ्या ओळीत होता. तो सावकाश उठला आणि मोबाइल वर धरून म्हणाला, "दादा, परत येकदा म्हन."

तो दंगा शमायला तास गेला. सगळे पांगल्यावर दशांशराव दिव्याखाली बसले. माझी अपेक्षा होती की ते हसतील. पण ते वही उघडून एकेक कबुली तपासत होते. मेंढरं चाळीस नाहीत, पंचवीस. त्यांनी सकाळी मोजली होती. तोडलेला लिंब एकच. दुसऱ्याची बुंध्यापासून फुटलेली पालवी त्यांनी पाहिली होती. डोंगराच्या पोटाला नांगर घातलाय हे मात्र खरं. पंधरा जागी त्यांनी उताराची रेघ नोंदवली होती, पण आधीच्या गुणांत ती घ्यायची राहून गेली होती. "माझी चूक," ते म्हणाले. ही चूक त्यांना गावाच्या थापांपेक्षा जास्त बोचली.

दुरुस्ती केली. व्यवस्थापन १.३० चं १.३२ झालं. पुन्हा गुणाकार, पुन्हा चौथं मूळ. आकडा पाहून ते दगडासारखे बसले.

"किती?"

"१.३७८."

"म्हणजे अडतीसच की."

"दोन दशांश घेतले तर अडतीस. तीन घेतले तर अडतीसला दोन सहस्रांश कमी." त्यांनी मार्गदर्शिका माझ्यापुढं सरकवली. नाजूक १.३७ पर्यंत, गंभीर १.३८ पासून. त्या दोहोंच्या मधल्या फटीत कुणी राहतं, हे लिहिणाऱ्यांच्या मनातच आलं नसणार. तिकडं सगळे दोन दशांशांत बोलतात. ही फट दिसायला आमच्या दशांशरावांसारखाच माणूस लागतो.

रात्री दोनला मी पाणी प्यायला उठलो तेव्हा ते ओसरीवर उकिडवे बसले होते. पहाटे तात्या शेण टाकायला जाताना त्यांना म्हणाले, "काय सायेब, निजला न्हाईसा?" दशांशरावांनी त्यांना सगळी अडचण सांगितली. तात्यांनी ऐकून घेतली.

"आमच्यात तराजूचा काटा मधी थांबला तर गिऱ्हाइकाकडं ढकलत्यात," तात्या म्हणाले आणि पुढं गेले.

अहवालात १.३८ छापलं गेलं. तळटीप होती, बारीक अक्षरात, साडेतीन ओळींची, तिसऱ्या दशांशासह. ती मी आणि दशांशराव सोडून कुणी वाचली असेल असं वाटत नाही. आता इस्रोचा २०२१ चा देशव्यापी अवनती नकाशासंग्रह माझ्या कपाटात आहे. त्यात देशाच्या भूभागापैकी २९.७७ टक्के जमीन अवनत झालेली म्हणून दाखवली आहे. तोही आकडा कुठल्या तरी दशांशरावांनी एखाद्या ओसरीवर बसून काढला असेल, असं मला उगाच वाटत राहतं.

अहवालाची प्रत गावात आली ती मेलवर. ग्रामपंचायतीचा प्रिंटर काळा-पांढरा. छापून आलं ते सगळं गाव करड्या रंगाचं, कुठं फिकट, कुठं गडद. सरपंचांना ते तालुक्याला घेऊन जायचं होतं. करड्या गावाला कोण बांध देणार? मी काही मार्ग काढेपर्यंत तात्यांनी नातीचे खडू मागवले. नात चौथीत. तिनं ओट्यावर पालथं पडून सगळं गाव मन लावून लाल केलं, ओढ्याची कड सोडली नाही, गायरान सोडलं नाही, आणि हात थांबेना म्हणून शेजारच्या गावाचाही थोडा तुकडा.

दशांशराव त्याच दिवशी निरोप घ्यायला आले होते. त्यांनी तो कागद उचलला, उजेडाकडे धरला. मला वाटलं, आता शेजारच्या गावावरून बोलतील. त्यांनी खांद्यावरची पिशवी पुढं ओढली, वही काढली, एका भोकातून बघितलं, पान उलटलं, पुन्हा बघितलं.

"१० आर, ४/८," ते पोरीला म्हणाले. "बरोबर आहे."